घरचे फोटो आणि विज्ञानाची नोंदवही

१९१२ साली दादरच्या राहत्या घरात धुंडिराज गोविंद फाळके यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि नुकताच इंग्लंडहून आणलेला कॅमेरा तिच्यासमोर रोवला. महिनाभराहून अधिक काळ ते एकेक चौकट टिपत राहिले. त्यातून मिनिटभराची फिल्म तयार झाली: बी फुटतं, कोंब वर येतो, त्याची वेल होते आणि चढू लागते. ‘अंकुराची वाढ’ हे तिचं नाव. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटासाठी भांडवल उभं करायचं होतं, आणि हे नवं तंत्र काय करून दाखवतं हे पैसेवाल्यांना पटवायचं होतं, म्हणून ही खटपट. पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सगळी कामं शिकल्या होत्या. पुढे मुलगा भालचंद्र ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला, मुलगी मंदाकिनी ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण झाली. सिनेमाचा इतिहास सांगताना आपण हरिश्चंद्रापासून सुरुवात करतो. माझ्या लेखी तो कुंडीतला वाटाणा तितकाच मोलाचा आहे. डोळ्याला न दिसणारी संथ वाढ, घरच्या घरी, घरच्या माणसांच्या मदतीने, टप्प्याटप्प्याने नोंदवलेली. आज आपण मोबाइलवर ‘टाइमलॅप्स’चं बटण दाबून जे करतो, ते हेच.

आज बहुतेक घरांत कॅमेरा आहे आणि तो दिवसभर खिशात असतो. वाढदिवस, सहल, गच्चीवरून दिसलेलं इंद्रधनुष्य, भिंतीवरचा अनोळखी किडा, तव्यावर नाचणारा पाण्याचा थेंब, सगळं टिपलं जातं. या ढिगातल्या किती फोटोंना विज्ञानाच्या दृष्टीने किंमत आहे? कशामुळे येते, कशामुळे जाते? आणि या नादात घरातल्या मुलांच्या हाती काय लागतं? या प्रश्नांचा आढावा घ्यायचा तर आधी मान्य करावं लागेल की घरगुती फोटो आणि वैज्ञानिक फोटो ही दोन वेगळी घराणी कधीच नव्हती.

अगदी सुरुवातीचे दाखले पाहा. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जगजाहीर झाला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जॉन ड्रेपर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने चंद्राचं छायाचित्र घेतलं, आणि त्याच सुमारास आपल्या बहिणीचं, डोरोथीचंही. एकाच माणसाच्या हातून, एकाच तंत्राने, आकाश आणि घर दोन्ही टिपलं गेलं. १८४३ पासून ॲना ॲटकिन्स या इंग्रज बाईंनी समुद्रशेवाळांचे निळे ठसे उन्हात उमटवून पुस्तकरूपाने काढायला सुरुवात केली. विज्ञानाची गोडी त्यांना वडिलांकडून लागली होती. २२ डिसेंबर १८९५ रोजी रॉन्टगेन यांनी क्ष-किरणांखाली हात ठेवायला सांगितला तो पत्नी ॲना बर्था यांना. बोटांची हाडं आणि त्यांवरची अंगठी दाखवणारं ते चित्र पुढे जगभर गेलं. १९५७ मध्ये रसेल कर्श यांनी संगणकात फोटो उतरवणारं पहिलं यंत्र चालवून पाहिलं तेव्हा त्यात घातला तो आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा फोटो. १७६ गुणिले १७६ ठिपक्यांचं ते चित्र. आज आपल्या फोनमधल्या प्रत्येक फोटोची वंशावळ त्या बाळाच्या चेहऱ्यापर्यंत जाते. ११ जून १९९७ रोजी फिलिप कान यांनी कॅलिफोर्नियातल्या प्रसूतिगृहात कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल एकमेकांना जोडून आपल्या नवजात मुलीचा फोटो तिथल्या तिथे आप्तमित्रांना पाठवला. नव्या यंत्रासमोर काय ठेवायचं असा प्रश्न पडला की शास्त्रज्ञाने घरातलं माणूस बोलावलं, असं पुन्हा पुन्हा दिसतं.

आपल्याकडेही हे फार उशिरा आलं नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हे तिच्यातल्या सुरुवातीच्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला दोन मोठ्या तुकड्या उतरल्या होत्या. एक पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांची, दुसरी कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांची. कॅम्पबेल यांच्या पत्नी एलिझाबेथही त्यांच्यासोबत आल्या होत्या. खग्रास अवस्था मोजकी मिनिटं टिकते, तेवढ्यात कॅमेऱ्यातल्या काचा बदलायला हाताशी माणसं लागतात. मोठमोठ्या मोहिमाही मग घरच्या माणसांवर आणि हौशी मदतनिसांवर चालत.

हौशी माणसाच्या कामाबद्दल बोलताना व्हरमाँटच्या जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली याला वगळता येत नाही. पंधराव्या वर्षी आईने त्याला सूक्ष्मदर्शक दिला. १५ जानेवारी १८८५ रोजी त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचं पहिलं छायाचित्र घेतलं आणि पुढची साडेचार दशकं शेती सांभाळून तेच करत राहिला. पाच हजारांहून अधिक हिमकण त्याने टिपले. १९३१ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षअखेरीस तो वारला. त्याची चिकाटी मोठी होतीच, पण सोबत तो दर दिवसाची हवा, तापमान, वादळाची दिशा लिहून ठेवत असे. त्या टिपणांमुळे त्याचे फोटो शोभेच्या पलीकडे गेले. आजच्या ढिगाला नेमकं हेच कमी पडतं.

आता आजच्या काळाकडे येऊ. सामान्य माणसाने सहज काढलेल्या फोटोतून नवं ज्ञान निघाल्याची उदाहरणं गेल्या वीस वर्षांत झपाट्याने वाढली. २००६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका बाईंनी खिडकीतून विचित्र, ढवळलेल्या समुद्रासारखे ढग टिपले. ढगप्रेमींच्या संस्थेने असे फोटो जमवून पाठपुरावा केला आणि २०१७ मध्ये जागतिक हवामान संघटनेने आपल्या ढगांच्या ॲटलासमध्ये ‘ॲस्पेरिटास’ हा प्रकार दाखल केला. कॅनडात ध्रुवीय प्रकाशाच्या मागे रात्री भटकणाऱ्या हौशी मंडळींना एक जांभळट पट्टा वारंवार दिसे. त्यांनी गमतीने त्याला ‘स्टीव्ह’ म्हटलं, आणि २०१८ मध्ये त्यावर रीतसर शोधनिबंध आला. जून २०२० मध्ये, टाळेबंदीत घरी आलेल्या वीरेंद्र भारद्वाज या विद्यार्थ्याने हिमाचलच्या चंबा भागात घरामागे दिसलेल्या सापाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. तो झीशान मिर्झा आणि हर्षिल पटेल या अभ्यासकांच्या नजरेस पडला, नमुने तपासले गेले, आणि २०२१ च्या अखेरीस ‘ऑलिगोडॉन चुराहेन्सिस’ ही सापाची नवी जात जाहीर झाली. यात फोटोने शोध लावला असं म्हणणं चुकीचं ठरेल. फोटोने बघणाऱ्याला थांबवलं. खवले मोजणं, जनुकं तपासणं हे सगळं नंतर, प्रयोगशाळेत झालं.

लोणारचंही तसंच. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि काठावरच्या लोकांनी काढलेले फोटो घरोघरच्या मोबाइलवर फिरले. कोणी रंग ओतला म्हटलं, कोणी अवकृपा म्हटलं, कोणी फोटोच खोटे ठरवले. नासाच्या लँडसॅट उपग्रहाच्या २५ मे आणि १० जूनच्या प्रतिमांत बदल स्पष्ट दिसत होता, त्यामुळे ‘फोटो खोटे’ हा मुद्दा निकालात निघाला. मग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून सांगितलं की अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा हा परिणाम आहे. पाणी आटलं होतं, क्षार वाढले होते, या जीवांना अनुकूल दिवस आले होते.

आपल्या राज्यातला माझ्या मते सर्वांत बोलका प्रसंग २ एप्रिल २०२२ चा. गुढीपाडव्याची संध्याकाळ. दिवेलागण होऊन गेलेली, माणसं सणामुळे घराबाहेर, अंगणात, गच्चीवर. पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश आणि शेजारच्या मध्य प्रदेशाच्या आकाशातून जळत्या ठिणग्यांची एक रांग सरकत गेली. शेकडो मोबाइल वर वळले. ‘उल्कावर्षाव’ म्हणून चित्रफिती पसरल्या. पण त्या नीट पाहिल्या तर उत्तर त्यांतच होतं. उल्का सेकंद-दोन सेकंदांत विझते, कारण ती सेकंदाला किमान अकरा किलोमीटर, कधी कधी सत्तरच्या घरातल्या वेगाने घुसते. चित्रफितींतल्या ठिणग्या मात्र सावकाश, बराच वेळ, एकामागून एक समांतर चालल्या होत्या. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते ती सेकंदाला आठेक किलोमीटर वेगाने आणि जवळजवळ आडवी, तिचे तुकडे असेच माळेसारखे पसरतात. त्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं, परिसरात धातूचे गोळेही मिळाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘चांग झेंग ३ बी’ या चिनी रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा, असं कक्षांचा माग ठेवणाऱ्या तज्ज्ञांनी सांगितलं.

या प्रसंगात पाडव्याला अंगणात उभ्या असलेल्या कुटुंबांनी नकळत एक निरीक्षणजाळं उभं केलं. मात्र त्यातल्या बहुतेक चित्रफिती पुढे कामाच्या राहिल्या नाहीत. फिरता फिरता गाव गेलं, वेळ गेली, कोणत्या दिशेला तोंड करून काढली तेही गेलं. रशियातल्या चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी अशनी फुटला तेव्हा गाड्यांमधल्या आणि चौकातल्या कॅमेऱ्यांत वेळ व जागा पक्की होती. कोलंबियातल्या अभ्यासकांनी चौकातल्या दिव्यांच्या खांबांच्या फिरत्या सावल्यांवरून त्याचा मार्ग गणिताने काढला. चित्र साधंच होतं, पण सोबतची नोंद शाबूत होती.

सिंदेवाहीसारखा प्रसंग रोज घडत नाही, पण पाहण्याजोगं रोज काही ना काही असतं. त्यातलं मला सर्वांत आवडणारं म्हणजे शून्य सावली. महाराष्ट्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून राज्यातल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य भर माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर, नागपुरात अखेरच्या आठवड्यात. गच्चीवर पाण्याची सरळ बाटली उभी करा, फोन एका जागी टेकवून ठेवा आणि बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी फोटो घ्या. सावली आखडत जाते, बुडाखाली नाहीशी होते, मग दुसऱ्या बाजूने डोकावते. मुलं पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला: बरोबर बाराला का नाही? मुंबईत तो क्षण साडेबारानंतर पाच मिनिटांनी येतो. आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि मुंबई त्याच्या पश्चिमेला साडेनऊ अंशांवर. सूर्याला अंशाला चार मिनिटं लागतात. उरलेला थोडा फरक पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेचा आणि तिच्या कललेल्या अक्षाचा. भूगोलाच्या पुस्तकातलं पान गच्चीवर उलगडतं. सुट्टीत मामाच्या गावी गेलेल्या मुलांनी आणि शहरात राहिलेल्या चुलतभावंडांनी आपापल्या ठिकाणची तारीख जुळवून पाहिली तर गावांचे अक्षांशही हाती येतात, कारण सावली नाहीशी होते त्या दिवशी सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं कोनीय अंतर, गावाच्या अक्षांशाइतकी असते. दुसरी संधी जुलै-ऑगस्टमध्ये येते, ती आपल्याकडे बहुधा ढग खातात.

स्वयंपाकघरात तर साहित्य तयारच असतं. घावन किंवा डोसा घालण्याआधी आजी तव्यावर पाण्याचा शिपका मारते. तवा बेताचा तापलेला असेल तर थेंब चर्र करून उडून जातो, चांगला कडकडीत असेल तर गोळी होऊन इकडेतिकडे धावतो आणि जास्त वेळ टिकतो. जास्त उष्णतेत थेंब जास्त टिकतो, ही गोष्ट मुलांना पटत नाही, म्हणूनच ती टिपावी. मोबाइलच्या संथ चित्रणात सेकंदाला २४० चौकटी घेतल्या की एक सेकंद आठ सेकंदांचा होतो आणि थेंब स्वतःच्याच वाफेच्या पातळ गादीवर तरंगताना दिसतो. लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये याचं वर्णन केलं, पण घराघरांतल्या बायका ती परीक्षा रोज घेत आल्या आहेत. फोडणीतली मोहरी मात्र लांबून टिपा, तेल उडतं. टीव्हीच्या रिमोटचं टोक फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश लुकलुकताना दिसतो, मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्यात बघा. ट्यूबलाइटखाली संथ चित्रण केलं तर प्रकाश फडफडतो, कारण आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आणि दिवा सेकंदाला शंभरदा मंदावतो. यातल्या एकाही प्रयोगाला पैसे लागत नाहीत.

घराबाहेर पडलं की सह्याद्री आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून पावसाळ्यात खालच्या धुक्यावर रंगीत वर्तुळ उमटतं, त्याला आपण इंद्रवज्र म्हणतो. कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये ते पाहिल्याची नोंद आहे. कड्यावर रांगेत उभं राहून सगळे फोटो काढतात, आणि परतल्यावर फोटो एकमेकांशी ताडून पाहिले की गंमत कळते: प्रत्येकाच्या फोटोत वर्तुळाच्या मध्यभागी त्याच्याच डोक्याची सावली आहे. दादाच्या फोटोत दादा, ताईच्या फोटोत ताई. सूर्य आपल्या पाठीशी, धुक्यातले सूक्ष्म थेंब प्रकाश आल्या वाटेने मागे फेकतात, म्हणून वर्तुळाचं केंद्र बघणाऱ्याच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या, सावलीवर पडतं. दोन माणसांना एकच इंद्रवज्र दिसत नाही. एकट्याच्या फोटोतून हे कधीच समजलं नसतं, चौघांचे शेजारी ठेवल्यावर समजतं. विमानाच्या खिडकीतून ढगांवर पडलेल्या विमानाच्या सावलीभोवतीही हेच वर्तुळ दिसतं.

आता दुसरी बाजू. कॅमेरा सांगतो ते सगळं घडलेलं असतंच असं नाही. फिरत्या पंख्याची पाती फोटोत वाकडी येतात, कारण फोनचा संवेदक अख्खं चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात पातं पुढे सरकलेलं असतं. ही चूक निरुपद्रवी आहे, उलट शिकवण्यासारखी. काजव्यांचे फोटो जास्त विचार करायला लावतात. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागात मेअखेरीस आणि जूनमध्ये काजवे चमकतात, आणि त्यांचे जे झगमगते फोटो आपण पाहतो ते बहुधा कित्येक मिनिटांच्या अनेक चौकटी एकावर एक रचून केलेले असतात. एका क्षणी तितके ठिपके त्या झाडावर कधीच नव्हते. रचून केलेला फोटो सुंदर असू शकतो, पण तसं खाली लिहिलं पाहिजे. नाहीतर लोक ती झगमग शोधत हजारोंनी जंगलात शिरतात, टॉर्च आणि फ्लॅश मारतात, आणि मीलनासाठी चमकणाऱ्या जिवांचा संकेतच बुजवून टाकतात. अशा महोत्सवांत फ्लॅशवर सक्त बंदी हवी, यात मला शंका नाही. कासच्या पठारावर फुलांत बसून फोटो काढणाऱ्यांवरही अशीच बंदी हवी.

नव्या फोनचा प्रश्न याहून गंभीर आहे. हल्ली फोन अनेक चौकटी मिसळून, सावल्या उजळून, त्वचा गुळगुळीत करून चित्र बनवतो. २०२३ मध्ये एका हौशी माणसाने चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर ठेवला आणि अंधाऱ्या खोलीतून तो एका नामांकित कंपनीच्या फोनने टिपला. मूळ चित्रात नसलेले तपशील फोनने स्वतःच भरले होते. कोजागरीला काढलेल्या फोटोत छान विवरं दिसली तर ती भिंगातून आली की फोनच्या शिकवणुकीतून, हे सांगणं आता अवघड आहे. फसवणूक अर्थातच जुनी आहे. १९१७ मध्ये इंग्लंडच्या कॉटिंग्ली गावात एल्सी आणि फ्रान्सिस या मावसबहिणींनी कागदी पऱ्या कापून, त्यांच्यासोबत फोटो काढून घरच्यांची गंमत केली. शेरलॉक होम्सचे निर्माते आर्थर कॉनन डॉयल यांनी ते खरे मानून लेख लिहिले. दोघींनी फोटो बनावट असल्याची कबुली दिली ती १९८३ मध्ये, म्हातारपणी. तेव्हा कापणाऱ्याला तरी ठाऊक होतं की आपण कापतोय. आता फोन न विचारता कापतो. विज्ञानाची नोंद म्हणून फोटो काढताना सौंदर्यवर्धक सोयी बंद ठेवाव्यात आणि मूळ फाइल कधीही पुसू नये.

घरच्या फोटोंचं सर्वांत हळवं आणि सर्वांत उपयोगी उदाहरण अजून सांगायचं आहे. फ्लॅशमध्ये डोळे लाल दिसतात ते दृष्टिपटलामागच्या रक्तवाहिन्यांमुळे, आणि ते निरोगी लक्षण आहे. पण लहान मुलाच्या एका डोळ्यात लालऐवजी पांढरी चमक दिसली तर ती रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाची, मोतीबिंदूची किंवा अन्य आजाराची खूण असू शकते. अमेरिकेत ब्रायन शॉ या रसायनशास्त्रज्ञाच्या बाळाला हा कर्करोग झाला. निदान झालं तेव्हा बाळ काही महिन्यांचं होतं. नंतर शॉ यांनी घरातले हजारो फोटो तारखेनुसार लावून तपासले तेव्हा ती पांढरी चमक बाळाच्या बाराव्या दिवसापासूनच फोटोंत होती. त्या अभ्यासातून त्यांनी सहकाऱ्यांसह अशी चमक हुडकणारं मोबाइल ॲप बनवलं. वाढदिवसाचे, बारशाचे, आत्याच्या मांडीवरचे फोटो इथे वैद्यकीय कागदपत्रं ठरले, कारण प्रत्येकावर तारीख होती. एखाद्या फोटोत विशिष्ट कोनामुळेही अशी चमक येते, म्हणून घाबरून जाऊ नये. पण ती पुन्हा दिसली तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जावं, थांबू नये. फोनमधली ‘लाल डोळे घालवा’ ही सोय ही खूणही झाकू शकते, हेही लक्षात असू द्या.

फोटो काढत राहिल्याने अनुभव हातचा जातो, अशी तक्रार वडीलधारी मंडळी करतात. तिच्यात तथ्य आहे. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. पण ज्यांनी वस्तूचा एखादा भाग जवळून, नेमका टिपला, त्यांची आठवण शाबूत राहिली. याचा मला कळलेला अर्थ असा की लक्ष देऊन काढलेला एक फोटो पुरतो, आणि कॅमेरा मुलाच्या हाती द्यावा. काय टिपायचं हे त्याने ठरवलं की त्याला आधी बघावं लागतं. मुलांचे स्वतःचे फोटो सगळ्या जगासमोर मांडण्याबाबत मात्र मी कडक आहे. ज्याचा चेहरा आहे त्याला नको म्हणायचा हक्क आहे, तो सहा वर्षांचा असला तरी. दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागाही अशीच जाहीर करू नये. ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या संकेतस्थळांवर धोक्यातल्या जातींची जागा मुद्दाम अंधुक दाखवतात, ते उगाच नाही.

राहता राहिला नोंदीचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्याची किल्ली तिथेच आहे. नाशिककर पुराचे फोटो काढतात तेव्हा दुतोंड्या मारुती चौकटीत असतोच. पाणी मूर्तीच्या गुडघ्याला की छातीला, यावरून गोदावरीचा पूर सांगण्याची तिथली जुनी रीत आहे. त्यामुळे दोन वेगळ्या सालांचे फोटो शेजारी ठेवून तुलना करता येते. कोणत्याही फोटोत असा एक मारुती हवा: किड्याशेजारी रुपयाचं नाणं, झाडाशेजारी ओळखीचं माणूस, पुराच्या पाण्याशेजारी घराची पायरी. दुसरं, दिवस आणि जागा. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली, सात वर्षं नुसती पानं आणि आठव्या वर्षी फुलं. तुमच्या अल्बममधल्या जांभळ्या डोंगरउताराच्या फोटोवर साल असेल तरच तो या मालिकेत बसतो. फोनचा फोटो स्वतःबरोबर तारीख, वेळ, आणि परवानगी दिली असेल तर जागाही बाळगतो. पण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. एवढी एक सवय लागली तरी पाडव्याच्या त्या चित्रफितींसारखी नासाडी पुढच्या वेळी टळेल.

२ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. पावसाळा आहे, ढग असतील, पण उघडीप मिळाली तर झाडाच्या पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे गोल कवडसे एका बाजूने कुरतडल्यासारखे दिसतील. सूर्याकडे न पाहता, डोळ्याला काहीही इजा न होता, घरातल्या सगळ्यांना ते टिपता येतील. जवळ फूटपट्टी ठेवा, वेळ लिहा, गावाचं नाव लिहा.

त्याआधी एक काम मात्र या सुट्टीत करून टाका. घरातले जुने अल्बम काढून घरातल्या वडीलधाऱ्या माणसांसमोर बसा. आग्फा क्लिक कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो निघत, म्हणून प्रत्येक फोटो कुणीतरी विचार करून काढलेला आहे. मागे दिसणारी विहीर कुठली, तो वड अजून आहे का, नदीला पाणी कुठवर होतं, हे आजी-आजोबांना सांगता येईल. नावं, गाव, साल फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याची शाई पुढे उमटते. कागद गुळगुळीत असेल आणि पेन्सिल उठत नसेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती फोटोसोबत पाकिटात ठेवा.